थट्टेचें गाणें आणि शिकलेला गळा

गंभीर संगीताचें रीतसर शिक्षण घेतलेला कलावंत थट्टेचें गाणें गाऊं लागला कीं त्याच्याविषयीं सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, त्यानें आपली विद्या स्वस्त केली. पोटासाठीं माणसाला काय काय करावें लागतें! दुसरें मत अधिक उदार असतें. त्याप्रमाणें हा केवळ विसाव्याचा खेळ होय. ज्याला डोंगर चढतां येतो त्याला अंगणांत चार पावलें टाकणें काय कठीण? दोन्ही मतांच्या मुळाशीं समजूत मात्र एकच आहे. हलकें गाणें म्हणजे सोपें गाणें, ही ती समजूत. युरोपांतील कॅबरेच्या गाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत कोठें चुकते, तें ध्यानांत येतें.

कॅबरे म्हटल्याबरोबर आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें हिंदी चित्रपटांतील हॉटेल, रंगीत दिवे आणि नर्तकी उभी राहते. मूळ वस्तु निराळी होती. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ मद्यगृह, एवढाच. १८८१ सालीं रोदोल्फ सालिस नांवाच्या गृहस्थानें पॅरिसच्या मोंमार्त्र भागांत 'शा न्वार', म्हणजे 'काळें मांजर', या नांवाचें एक मद्यगृह उघडलें. तेथें कवि आपल्या कविता वाचीत, चित्रकार सावल्यांचे खेळ करीत आणि गायक राजकारणावर, धनिकांच्या ढोंगावर व प्रेमांतील फजितीवर गाणीं म्हणत. जागा लहान, पियानो एक, आणि श्रोते हाताच्या अंतरावर पेला घेऊन बसलेले. आपल्या बैठकीची जवळीक आणि तमाशांतील सोंगाड्याचा हजरजबाबीपणा यांचा तेथें मेळ होता, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

या लहानशा जागेंतच शिकलेल्या गळ्याची पहिली अडचण उभी राहते. पाश्चात्य ऑपेराचा गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातो. समोर मोठा वाद्यवृंद असतो आणि त्याच्या पलीकडे दोन-दोन, तीन-तीन हजार श्रोते बसलेले असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहांत तर सुमारें ३८०० आसनें आहेत. वाद्यवृंदाच्या नादाचा मुख्य जोर सेकंदाला सुमारें ५०० कंपनांच्या आसपास असतो. पुरुषी आवाजाचा गायक कंठाची अशी रचना साधतो कीं, त्याच्या आवाजांतील सुमारें ३००० कंपनांच्या टापूंतील अंश विशेष उठावदार होतो. तेथें वाद्यें क्षीण झालेलीं असतात, म्हणून एकटा माणूस शंभर वाद्यांवरून ऐकूं येतो. उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाचा मार्ग वेगळा आहे. वरच्या स्वरांवर त्या गायिकेला जबडा अधिक उघडावा लागतो. त्यायोगें आवाज भरतो, पण 'आ', 'ए', 'ओ' यांतील भेद पुसट होऊन जातो. वर्षानुवर्षांच्या तालमीनें मिळविलेली ही सिद्धि होय. तिची किंमत शब्दाला द्यावी लागते. स्वर अखंड वाहता ठेवावयाचा म्हणून व्यंजनें आंखडतात आणि स्पष्ट उच्चार मागें पडतो.

थट्टेचें गाणें मात्र नेमकें व्यंजनांत राहतें. विनोदाचा शेवटचा शब्द श्रोत्याला कळला नाहीं तर मागचें सारें कडवें वायां जातें. तो शब्द अर्धा क्षण आधीं आला तरी हसूं फुटत नाहीं, आणि अर्धा क्षण उशिरा आला तरी तें विझतें. आपल्याकडील रसिकाला हा भेद अगदींच अपरिचित नाहीं. ख्यालांत शब्द स्वराच्या आधारापुरता असला तरी चालतो. ठुमरींत तोच शब्द निरनिराळ्या स्वरांनीं वळवून त्याचे अर्थ फुलवावे लागतात, आणि त्याला 'बोल बनविणें' म्हणतात. पॅरिसच्या गाण्यांत ही गोष्ट टोकाला गेली. तेथील श्रेष्ठ कलावतीला लोक गायिका म्हणतच नसत. 'दीझ', म्हणजे 'सांगणारी', असें म्हणत. लांब काळे हातमोजे घालून उभी राहणारी ईव्हेत गिल्बेर ही अशा 'सांगणाऱ्यां'ची मुकुटमणि होय. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यानें तिचीं चित्रें अनेकवार काढलीं. तिचा आवाज मोठा नव्हता. पण तिचा एकहि शब्द श्रोत्याच्या कानांतून निसटत नसे. शिकलेल्या गायकापुढें प्रश्न असा होता कीं, अशा ठिकाणीं आपल्या विद्येचें करावयाचें काय?

या प्रश्नाला पहिलें लक्षणीय उत्तर मिळालें तें एका पियानोवादकाच्या रूपानें. एरिक साती याचा जन्म १८६६ चा. पॅरिसच्या सरकारी संगीत महाविद्यालयांत तो शिकला, पण तेथील गुरुजनांनीं त्याला आळशी ठरविलें. १८८७ च्या सुमारास तो 'काळ्या मांजरां'त येऊं लागला आणि पुढें तेथें पियानोची साथ करूं लागला. १८९८ सालीं तो शहराबाहेर आर्केय येथें राहावयास गेला. तेथून मोंमार्त्रचें अंतर सुमारें ६ मैल. अनेकदां तो हें अंतर पायीं तोडी; रात्रीं मद्यगृहांत साथ करावी आणि पहांटे चालत घरीं परतावें, असा क्रम. विनोदी गायक व्हेंसां इस्पा याच्यासाठीं त्यानें चाली बांधल्या. पोलेत दार्ती या गायिकेसाठीं लिहिलेलें त्याचें वाल्ट्झच्या तालांतील गीत १९०३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि आज तेंच त्याच्या सर्वांत लोकप्रिय रचनांपैकीं एक आहे. स्वतः सातीला या कामाचा उबग होता. आपल्या या गाण्यांविषयीं तो तिरस्कारानेंच बोले. १९०५ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, तो पुन्हां विद्यार्थी होऊन 'स्कोला कांतोरुम' या संस्थेंत दाखल झाला आणि १९०८ सालीं प्रतिस्वररचनेची पदविका घेऊन बाहेर पडला. परंतु त्याच्या गंभीर म्हणविल्या जाणाऱ्या रचना पाहाव्या तर मद्यगृहानें त्याला काय शिकविलें तें दिसतें. फापटपसारा नाहीं, भावनेचा पूर नाहीं. चार स्वरांत म्हणावयाचें तें म्हणून मोकळें व्हावयाचें. ज्या कामाला तो हमाली समजत होता, तेंच त्याचें खरें विद्यालय ठरलें.

पॅरिसचें हें वेड जर्मनींत पोंचावयास वीस वर्षें लागलीं. १८ जानेवारी १९०१ रोजीं एर्न्स्ट फोन वोल्झोगेन यानें बर्लिनमध्यें 'युबरब्रेट्ल' नांवाचें नाट्यगृह सुरू केलें. नांवांतच कोटी होती. 'ब्रेट्ल' म्हणजे फळकुट, अर्थात् हलक्या करमणुकीचा लहानसा रंगमंच. आणि 'युबर' हें उपपद तत्त्वज्ञ नीत्शे याच्या 'अतिमानवा'कडून उसनें आणलेलें. म्हणजे हें 'अतिफळकुट'! तेथील संगीताची धुरा प्रथम ऑस्कार श्ट्राउस याच्याकडे होती. हा माक्स ब्रुख याचा शिष्य. त्याच वर्षीं व्हिएन्नांतील एका २६ वर्षांच्या तरुण संगीतकारानें अशाच रंगमंचासाठीं आठ गाणीं रचलीं. त्याचें नांव आर्नोल्ड शेनबर्ग. पुढें युरोपीय संगीताची स्वरव्यवस्थाच ज्यानें मोडून नवी बांधली, आणि ज्याच्या रचना दुर्बोध म्हणून अनेकांना आजहि धास्ती वाटते, तोच हा. त्या आठ गाण्यांत खोडकर प्रेमाच्या, लाडक्या मांजराच्या, रात्रीच्या बेताल मिरवणुकीच्या गमती आहेत. एका गाण्याला तर पियानोबरोबर लहान बांसरी, तुतारी आणि ताशासारखें चर्मवाद्य यांची साथ आहे. १९०१ च्या डिसेंबरांत शेनबर्ग बर्लिनला आला आणि 'युबरब्रेट्ल'मध्यें वाद्यवृंदाचा चालक म्हणून राहिला. कांहीं महिन्यांत ती नोकरी संपली. संसार चालविण्यासाठीं त्याला इतरांच्या हलक्याफुलक्या संगीतिकांचीं वाद्यवृंदलेखनें करून द्यावीं लागलीं. त्याचीं तीं आठ गाणीं त्याच्या हयातींत छापलीं गेलीं नाहींत.

येथेंच ही गोष्ट संपली असती तर ती केवळ एका दरिद्री तरुणाच्या धडपडीची गोष्ट ठरली असती. परंतु १९१२ सालीं आल्बेर्टीने त्सेमे या नटीनें शेनबर्गकडे आपल्यासाठीं एक रचना मागितली. त्यांतून 'पिएरो ल्युनेर' ही एकवीस कवितांची रचना निर्माण झाली आणि १६ ऑक्टोबर १९१२ रोजीं बर्लिनमध्यें तिचा पहिला प्रयोग झाला. यांतील स्त्री गात नाहीं आणि नुसती बोलतहि नाहीं. लिहिलेल्या स्वराला ती स्पर्श करते आणि लगेच तो सोडून वर किंवा खालीं घसरते. त्सेमे विदूषकी खेळांतील कोलंबिनेच्या वेषांत एकटी पुढें उभी होती. वादक पडद्यामागें होते. विसाव्या शतकांतील संगीतावर इतका खोल ठसा उमटविणाऱ्या रचना थोड्याच सांपडतील, आणि तिच्यांतील अर्धें बोलणें, अर्धें गाणें, लहानसा वाद्यमेळ व विदूषकाचा मुखवटा हा सारा सरंजाम मद्यगृहांतील फळकुटावरचाच आहे. थट्टेच्या गाण्यानें गंभीर संगीताला दिलेलें हें ऋण मोजतां येण्यासारखें आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्यें या कलेला बहर आला. कुर्ट वाइल हा देसाउ येथील सिनॅगॉगमधील प्रार्थनागायकाचा मुलगा. बर्लिनच्या अकादमींत फेरुच्चो बुसोनी या थोर पियानोवादक-संगीतकाराच्या श्रेष्ठवर्गांत तो तीन वर्षें शिकला. प्रतिस्वररचना, सिंफनी, चौवाद्यरचना हें सारें त्याला येत होतें. ३१ ऑगस्ट १९२८ रोजीं त्याचें आणि बर्टोल्ट ब्रेख्त याचें 'तीन पैशांचा ऑपेरा' हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याचा मूळ आधार २०० वर्षांपूर्वीं लंडनमध्यें झालेला जॉन गे याचा 'भिकाऱ्यांचा ऑपेरा'. तोहि इटालियन ऑपेराची टर उडविण्यासाठींच जन्मलेला. वाइलनें वाद्यवृंद सात माणसांवर आणला. गाण्यासाठीं मोठमोठे गायक न घेतां नट घेतले. त्याची पत्नी लोटे लेन्या हिला स्वरलेखन वाचतां येत नव्हतें. पण वेश्येच्या भूमिकेंत तिच्या पातळ, धारदार आवाजानें जें साधलें तें कमावलेल्या आवाजाला साधलें नसतें. मग वाइलची विद्या कोठें गेली? ती स्वरांच्या मांडणींत गेली. दोन सवती भांडतात तेव्हां तो त्यांना ऑपेरांतील नायिकांच्या थाटाचें द्वंद्वगीत देतो. दरोडेखोराला फांशीपासून वांचविण्यासाठीं घोड्यावरून राजदूत येतो, तेव्हां संगीत एकदम राजेशाही गांभीर्य धारण करतें. एका सवतीसाठीं त्यानें तानांनीं भरलेलें एक विडंबनगीतहि रचलें होतें. पण पहिल्या प्रयोगापूर्वीं तें गाळावें लागलें. ऑपेरा-गायिकेची थट्टा गावयाची तर गळा ऑपेरा-गायिकेचाच लागतो!

त्याच काळीं फ्रीड्रिख होलेंडर हाहि बर्लिनमध्यें गाजत होता. यानें 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' या प्रसिद्ध ऑपेराचा कर्ता हुंपरडिंक याच्याकडे रचनेचें शिक्षण घेतलें होतें. १९३० सालच्या 'निळी परी' या चित्रपटांत मार्लेने डीट्रिखनें गाइलेल्या गाण्यांमुळें तो जगभर पोंचला. परंतु त्याच्या शिक्षणाचा आणि धैर्याचा कस लागला तो १९३१ सालच्या एका गाण्यांत. ज्यूंविरुद्ध विष पेरलें जात होतें, रस्त्यांत मारामाऱ्या होत होत्या. होलेंडरनें आपल्या 'टिंगल-टांगल' नाट्यगृहांत एक गाणें सादर केलें. पाऊस पडो न पडो, धंदा बुडो, दूरध्वनि बिघडो, सर्व दोषांचें खापर ज्यूंच्या माथीं. आणि कां, असें विचारलें तर, दोष त्यांचा आहे म्हणूनच तो त्यांचा आहे, असा त्या गाण्याचा आशय. चाल त्यानें घेतली ती बिझेच्या 'कार्मेन' ऑपेरांतील हबानेराची.

ही निवड सहज केलेली नव्हती. ती चाल त्या काळच्या सुशिक्षित श्रोत्यांच्या पूर्ण परिचयाची. खालीं खालीं घसरत येणारे अगदीं जवळजवळचे स्वर, त्यांच्याखालीं एकच ठेका पुन्हां पुन्हां. मूळ प्रसंगीं ही चाल पुरुषांना भुलविते, तर्क बाजूला सारावयास लावते. होलेंडरनें तोच मोह एका मूर्ख आरोपाला जोडला. श्रोत्याची मान ठेक्यावर डोलूं लागते आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं, अविवेकाचा प्रचार नेमका असाच मनांत शिरतो. व्याख्यानानें जें सिद्ध करावयास तास लागला असता, तें तीन मिनिटांत झालें. यांत आणखी एक गंमत आहे. 'कार्मेन'ची ती चालहि मुळांत बिझेची नव्हे. इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराचें एक लोकप्रिय गाणें लोकगीत समजून बिझेनें १८७५ च्या आपल्या ऑपेरांत घेतलें होतें. लोकप्रिय गाणें ऑपेरांत गेलें आणि तेथून मद्यगृहांत परत आलें. हलकें आणि भारी यांच्यामधील भिंत वाटते तितकी उंच नाहीं.

त्या गाण्यानें कांहीं थोपविलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९३३ च्या आरंभीं हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीं वाइल, होलेंडर आणि शेनबर्ग या तिघांनींहि जर्मनी सोडली. १९३८ च्या मे महिन्यांत ड्युसेलडोर्फ येथें 'विकृत संगीत' या नांवाचें एक सरकारी प्रदर्शन भरलें. त्यांत निषेधासाठीं मांडलेल्या नांवांत शेनबर्ग होता आणि वाइलहि होता. एकाचें संगीत मोजक्या जाणकारांपुरतें, दुसऱ्याचें रस्त्यांतल्या पोरांच्या तोंडीं. पण जुलमी सत्तेनें गंभीर आणि हलकें असा भेद केला नाहीं. तिला दोन्हींचें सारखेंच भय वाटलें. 'तीन पैशांच्या ऑपेरा'च्या पहिल्या प्रयोगांत काम केलेला कुर्ट गेरॉन तेरेझिएनश्टाट येथील बंदिवासांत पडला. तेथें त्यानें 'कारुसेल' नांवाचा कॅबरे चालविला. भुकेलेल्या कैद्यांना हसविलें. १९४४ च्या ऑक्टोबरांत आउश्विट्झ येथें त्याची हत्या झाली. थट्टेच्या गाण्याला कोणी पोरखेळ म्हणूं लागला तर त्याला ही एक गोष्ट सांगितली तरी पुरे.

या परंपरेचें बीज इंग्लंडांतहि पडलें होतें. १९३७ ते १९३९ या काळांत तरुण बेंजामिन ब्रिटन यानें कवि ऑडन याच्या शब्दांवर 'कॅबरे गीतें' रचलीं तीं हेड्ली अँडरसन या गायिकेसाठीं. तिनें इंग्लंडांत आणि जर्मनींत गायनाचें शिक्षण घेतलेलें होतें. ब्रिटनच्या निधनानंतर, १९८० सालीं, त्यांतील चार गाणीं छापून प्रसिद्ध झालीं. पुढें मोठ्या ऑपेरा-गायिका उघडपणें या गाण्यांकडे वळल्या. तेरेसा स्ट्राटस हिनें १९७९ सालीं मेट्रोपॉलिटन ऑपेरांत वाइलच्या 'महागोनी'मधील जेनीची भूमिका केली. तिचें गाणें ऐकून वृद्ध लेन्यानें वाइलचीं अप्रकाशित गाणीं तिच्या स्वाधीन केलीं, आणि १९८१ सालीं तीं ध्वनिमुद्रित झालीं. जेसी नॉर्मन या भव्य आवाजाच्या गायिकेनें शेनबर्गचीं तीं विस्मृत गाणीं जेम्स लिव्हाइन याच्या पियानोवर ध्वनिमुद्रित केलीं.

अशा गायिकांचें यश कशांत असतें? आवाज लपविण्यांत नव्हे. कमावलेला आवाज लपवूं गेल्यास तो खोटा वाटतो. आणि सगळा उघडला तर गाणें त्याखालीं चिरडतें. त्यांना आपला आवाज राखून ठेवावा लागतो. ओळीच्या पूर्वार्धांत जवळजवळ बोलावें, कंप आवरावा, व्यंजनाला पूर्ण वेळ द्यावा. आणि कडव्यांतील एखाद्याच ठिकाणीं, अर्थाला गरज असेल तेथें, स्वर पूर्ण उमलूं द्यावा. श्वासावरील ताबा, लयीची जाण, मंद आवाजांतहि स्वर न ढळणें, हें सारें जुन्या तालमींतूनच येतें. टाकून द्यावयाची असते ती एकच गोष्ट: आपण सुंदर गात आहों ही जाणीव. बहुतेक गायकांना तीच टाकवत नाहीं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें शिकलेल्या ॲना रसेल हिनें तर ही जाणीव हाच थट्टेचा विषय केला. वाग्नरच्या प्रचंड नाट्यचतुष्टयाची कथा पियानोवर उदाहरणें देत तिनें इतक्या निर्विकार मुद्रेनें सांगितली कीं, वाग्नरचे भक्तहि हसून लोळले. त्या हसण्यांत अनादर नव्हता. प्रत्येक टोमण्यामागें ग्रंथाचें पूर्ण पारायण होतें.

मराठी रंगभूमीचाहि या वंशवृक्षाशीं खराखुरा संबंध आहे. 'तीन पैशांच्या ऑपेरा'चें मराठी रूपांतर 'तीन पैशाचा तमाशा' या नांवानें पु. ल. देशपांडे यांनीं केलें, आणि १९७८ सालीं पुण्याच्या थिएटर अकॅडमीनें जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालीं तें रंगभूमीवर आणलें. वाइलच्या चाली जशाच्या तशा न घेतां, वाइलनें जर्मन श्रोत्याच्या ओळखीच्या संगीताशीं जो खेळ केला तोच येथें नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्य पॉप यांच्याशीं केला गेला. रूपांतरकार स्वतः शास्त्रीय संगीताचे मर्मज्ञ आणि हार्मोनियमचे उत्तम वादक होते, ही गोष्ट योगायोगाची म्हणतां येणार नाहीं. ज्या संगीताची थट्टा करावयाची त्याच्यावर आधीं प्रेम असावें लागतें, आणि प्रेमाइतकाच त्याचा अभ्यासहि असावा लागतो.

सातीपासून स्ट्राटसपर्यंतच्या या कलावंतांनीं आपली विद्या स्वस्त केली नाहीं, आणि नुसती गंमतहि केली नाहीं. कांहींनीं पोटासाठीं आरंभ केला, कांहींनीं हौसेनें. पण प्रत्येकाला तेथें एक नवी परीक्षा द्यावी लागली. मोठ्या सभागृहांत चुकलेला शब्द स्वराच्या ओघांत झांकून जातो. लहान खोलींत, दोन हातांवर बसलेल्या श्रोत्यासमोर, कांहींच झांकत नाहीं. तो हसला तर हसला. आणि नाहीं हसला, तर कितीहि शुद्ध स्वर लागलेला असो, गाणाऱ्याला त्याच क्षणीं आपली चूक कळते.